धर्मकाट्याचा ड्रायव्हर आणि माझा सूड

मे महिन्यातल्या एका सकाळी, रायपूरजवळ, सिलतऱ्याच्या रस्त्यावरच्या एका लोखंडाच्या कारखान्याच्या फाटकाशी, माझ्या त्या वेळच्या सरांनी मला चाळीस-पन्नास ट्रकवाल्यांपुढे उभं केलं आणि म्हणाले, "इन्हीं मैडम का प्रोग्राम है. जो पूछना है, इनसे पूछो." एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसले. गाडीचा एसी चालू होता. काचेआडून ते माझ्याकडे बघत होते.

ट्रकवाल्यांनी मला मारलं वगैरे नाही. एकानं तर पाण्याची बाटलीही दिली. पण पहाटेपासून रांगेत अडकलेली माणसं जे बोलतात ते सगळं त्यांनी मला ऐकवलं, आणि मी ते दीड तास ऐकलं.

आमची कंपनी धर्मकाट्याला, म्हणजे भरलेले ट्रक तोलणाऱ्या काट्याला, लागणारा डबा बनवायची. माल भरलेला ट्रक लोखंडी फलाटावर चढतो, खालचे सेन्सर वजन ओळखतात, केबलमधून ते डब्यात येतं, पडद्यावर आकडा दिसतो आणि पावती निघते. डब्याच्या आत छोटा संगणक. त्यात दोन वेगवेगळ्या माणसांचं काम होतं. वरचा प्रोग्राम, म्हणजे आकडा दाखवणं आणि पावती छापणं, माझा. केबलशी बोलणारा खालचा भाग सरांनी लिहिलेला, मी नोकरीला लागण्याच्या आधीपासूनचा. त्या भागालाही ड्रायव्हरच म्हणतात, म्हणून ट्रक चालवणाऱ्यांना मी इथे ट्रकवालेच म्हणते.

सरांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसायचा. कर्नल म्हणजे संगणकाचा सगळ्यात आतला भाग. वरचा एखादा प्रोग्राम कोसळला तर तेवढाच कोसळतो, बाकीचं चालू राहतं. कर्नल कोसळला की सगळंच थांबतं, घड्याळाचा काटासुद्धा. आमचा डबा असाच थांबत होता. ट्रक फलाटावर, आकडा गोठलेला, बटणं मेलेली. त्या सकाळी अकरा वेळा.

मी सरांना आदल्या आठवड्यातच म्हटलं होतं, "सर, वरच्या प्रोग्रामनं पूर्ण डबा नाही गोठत. खाली पाहायला पाहिजे."

ते हसले होते. "तो ड्रायव्हर जगभर गेलेला आहे. मोठमोठ्या लोकांनी तपासला. त्या सगळ्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, असं तुले वाटते का?"

ते खोटं नव्हतं. जगभरातले लोक मिळून जो खुला कर्नल लिहितात, त्यात सरांचा ड्रायव्हर घेतला गेला होता. त्या फाईलच्या माथ्यावर त्यांचं नाव होतं, आणि ते पान छापून, चौकट करून, आमच्या ऑफिसच्या दारात टांगलेलं होतं. पाहुणे आले की आधी ते पान बघायचे, मग चहा.

फाटकावरच्या त्या दीड तासात मला एक गोष्ट दिसली. डबा सारखा गोठत नव्हता. भरलेला ट्रक फलाटावर येऊन कचकन ब्रेक मारायचा, फलाट हलायचा, डब्याची केबल लचकायची आणि आकडा गोठायचा. हळू चढणाऱ्या ट्रकला काही होत नव्हतं. घरी आल्यावर मी हे सगळं मेलवर लिहून सरांना पाठवलं. उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं. "कामातील निष्काळजीपणामुळे" असे शब्द होते. मी ते पार्किंगमध्ये, स्कूटरवर बसून वाचलं. आठ वर्षांच्या नोकरीत मला एकदाही कोणी निष्काळजी म्हटलं नव्हतं.

आम्ही बूढ़ापाऱ्यात राहतो, तलावाच्या मागच्या गल्लीत, दुकानांच्या वर. घरात मी आणि बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा रेल्वेत गार्ड होते. त्या दिवशी मी दुपारीच घरी आले म्हणून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"कर्नल पडला," मी म्हटलं.

"कुठचा कर्नल? लागलं का त्याले?"

मला हसू आलं नाही. नंतर समजावून सांगितलं, तरी ते त्याला कायम माझ्या ओळखीचा मिलिटरीतला माणूस असल्यासारखंच विचारत राहिले. तुझा कर्नल बरा आहे का, म्हणून.

नंतरचे सात-आठ महिने मी घरून दुसऱ्यांच्या वेबसाइटी तपासून दिल्या. कंटाळवाणं काम. सूड वगैरे काही डोक्यात नव्हतं, फक्त राग होता, आणि तो मी जेवणाबरोबर रोज गिळत होते. मग त्या हिवाळ्यात तेलीबांध्याजवळच्या एका हॉलमध्ये लग्नाचं रिसेप्शन होतं. मुलीकडचे पुरानी बस्तीतले, आमच्या लांबच्या नात्यातले. रायपुरातली आम्ही मराठी माणसं अशा हॉलमध्येच एकमेकांना भेटतो. सर आले होते. मी आणि बाबा ताटं घेऊन उभे होतो, तिथं ते बालुशाही खात खात आपल्या ओळखीच्या चार लोकांना घेऊन आले.

"ही आमच्याकडेच होती," ते म्हणाले. "हुशार पोट्टी. पण घाई फार. तो काट्याचा गोंधळ हिच्याचमुळे झाला होता. आम्ही काही बोललो नाही कुठं. म्हटलं, पोरीचं नाव कायले खराब करा."

चौघांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. मी सदतीस वर्षांची होते. माझ्या हातातल्या ताटात बालुशाही होती आणि मी ती खाली ठेवायला जागा शोधत होते, एवढंच आठवतं.

परत येताना बाबा स्कूटरवर मागे बसले होते. तलावाच्या वळणाशी त्यांनी माझ्या खांद्याजवळ तोंड आणून विचारलं, "बाई, खरंच तुझ्यामुळे झालं होतं का?"

ते रागानं विचारत नव्हते. माझ्याकडून चूक झाली असेल तरी ते माझ्याच बाजूनं राहिले असते, आणि तेच मला सहन झालं नाही. नोकरी गेली, पत्र आलं, ट्रकवाल्यांनी ऐकवलं, तेवढं मी कदाचित सोडून दिलं असतं. पण माझ्या बापाला माझ्याबद्दल शंका आली, आणि ती त्या माणसानं बालुशाही खात खात घातली. त्या एका प्रश्नासाठी मी त्याला सोडणार नाही, असं मी तिथंच, स्कूटर चालवता चालवता ठरवलं.

सरांचा ड्रायव्हर खुल्या कर्नलमध्ये होता, म्हणजे त्यातली ओळ न् ओळ कोणालाही वाचता येत होती. ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता तीच मला हवी होती.

एका इंजिनीअरिंग कॉलेजनं मोडीत काढलेला जुना, जड संगणक मी आणला आणि समोरच्या खोलीत टेबलाखाली ठेवला. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. त्यावर मी फझिंग सुरू केलं. फझिंग म्हणजे काय, ते बाबांना मी असं सांगितलं होतं: खिडकीवर बसलेल्या कारकुनाला एक माणूस दिवसभर वेडेवाकडे अर्ज देत राहतो. उलटा अर्ज, कोरा अर्ज, एकच अर्ज दहा वेळा, अर्ज घ्यायला कारकुनानं हात पुढे केला की मागे ओढलेला अर्ज. कारकून कधी ना कधी चुकतोच. कोणत्या अर्जावर चुकला ते लिहून ठेवायचं. इथे कारकून म्हणजे कर्नल. संगणकाच्या आत चार खोटे संगणक चालवायचे, प्रत्येकावर हजारो बेताल मागण्यांचा मारा करायचा: उघड, वाच, बंद कर, बंद केल्यावर वाच, वाचता वाचता केबल काढ. कर्नलवर एक पहारेकरीही बसवायचा. परत केलेल्या मेमरीला कोणी पुन्हा हात लावला तर तो तिथल्या तिथे ओरडतो आणि कोण, कुठून आलं, त्याची यादी छापतो.

लोक हा मारा सगळ्या कर्नलवर करतात. मी एकाच फाईलवर केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पहिला क्रॅश आला. बाबा जेवत होते, मी त्यांना पोळी वाढत होते आणि पडद्यावर लाल ओळी सरसर उतरल्या. त्यात सरांच्या फाईलचं नाव होतं. पोळी माझ्या हातातच राहिली. एखाद्याचा पाय घसरलेला बघून होतो तसला आनंद मला झाला. तो चांगला नव्हता, पण आनंदच होता.

तो क्रॅश किरकोळ निघाला. सेन्सरनं शून्य दिलं तर ड्रायव्हर शून्यानं भागायला जायचा. मग दुसरा आला, तिसरा आला. माझ्या वहीत त्यांची रांग लागली. पण मला हवा होता तो एकच, केबल लचकल्यावर डबा गोठवणारा. तो एकदा आला. पहारेकऱ्यानं ओरडून सांगितलं, परत केलेली मेमरी वाचली जात आहे. आणि पुन्हा येईना. पुन्हा घडवून दाखवता येत नाही तो क्रॅश म्हणजे नुसता आरोप. असा आरोप माझ्यावरही झालाच होता. मला पुरावा हवा होता.

पाच आठवडे मी त्या एका यादीवर बसले. छापलेली पानं भिंतीला चिकटवली. रोज सकाळी तीच फाईल वाचायची, त्याच माथ्यावरच्या नावापासून. शेवटी एका सकाळी चित्र दिसलं. वजन वाचायला आलेली मागणी आत येऊन थांबते, सेन्सरच्या उत्तराची वाट बघत. तेवढ्यात केबल निघते. केबल निघाली की ड्रायव्हरचा दुसरा भाग सगळं आवरतो आणि मेमरी परत करून टाकतो, आत कोणी थांबलंय का ते न बघताच. मग थांबलेली मागणी जागी होते आणि जी जागा आता तिची नाही तिथं पाय ठेवते.

मी कागदावर आकृती काढून बाबांना दाखवली. कोणाला तरी सांगायचं होतं आणि घरात तेच होते. त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटं कागद बघितला.

"म्हणजे गाडी सेक्शनमध्ये आहे," ते म्हणाले, "आणि यानं लाइन उखडून टाकली?"

"हो."

"शेवटचा डबा निघाला का नाही, कोणालेच विचारलं नाही?"

"कोणालाच नाही."

बाबांनी चष्मा काढला. गार्डाचं सगळं आयुष्य शेवटचा डबा सुरक्षित निघाला की नाही हे बघण्यात जातं. "हे तर सस्पेंड व्हायचं काम आहे," ते म्हणाले. मग काचा पुसता पुसता, "मी तुले त्या दिवशी विचारायले नाही पाहिजे होतं."

"राहू द्या नं, बाबा," मी म्हटलं. पण माझं मन निवायच्या ऐवजी पेटलं. बाबांनी माफी मागावी अशी वेळ त्या माणसानं आणली होती.

मेमरी परत होणं आणि थांबलेली मागणी जागी होणं, या दोन क्षणांमध्ये मी मुद्दाम थोडा उशीर घातला, तर क्रॅश दर वेळी आला. मग उशीर काढून टाकला, एकाला सतत वाचायला लावलं, दुसऱ्याला सतत केबल काढायला लावलं, आणि नको ते कापत कापत बारा ओळींचा प्रोग्राम उरला. तो चालवला की मिनिटभराच्या आत कर्नल आडवा. पुरावा तयार झाला.

आता नियम सांगते, कारण मी तो मोडला. कर्नलमधल्या चुकीचा कोणी गैरफायदा घेऊ शकत असेल, तर आधी तो भाग सांभाळणाऱ्याला गुपचूप कळवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा, मग जगाला सांगायचं. हे मला माहीत होतं. मी सरळ कर्नलवाल्यांच्या उघड्या मेल-यादीवर लिहिलं, जी जगभरातले लोक वाचतात. माझ्याकडे सतरा क्रॅश होते. सगळे एका पत्रात मावले असते. मी रोज एक पाठवला, सकाळी दहा वाजता, कारण सर पावणेदहाला येतात, चहा मागवतात आणि दहाला मेल उघडतात, हे मी आठ वर्षं बघितलं होतं. लहान क्रॅश आधी, मोठा शेवटी. एकदम पाठवले असते तर एकदाच झोंबले असते.

पहिल्या पत्राला सरांचं उत्तर आलं. आभारी आहे, बघतो. दुसऱ्यालाही तेच. चौथ्यानंतर उत्तरं बंद झाली. सहाव्या पत्राखाली कुठल्याशा लांबच्या देशातल्या एका माणसानं लिहिलं. तो कर्नलचा तो सगळा विभाग सांभाळतो, आमची ओळखदेख नाही. त्याचा अर्थ असा होता की हे वाईट दिसतंय, या ड्रायव्हरमध्ये एकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याला अडवणारं कुलूप कुठंच कसं नाही? मी ते बाबांना मराठीत करून दोनदा वाचून दाखवलं. त्या दिवशी मी गोडाचा शिरा केला.

आठवं पत्र गेलं त्या दिवशी नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. दुपारी गल्लीत कुत्रंही नव्हतं. दाराची घंटा वाजली. बाहेर एक बाई, ओढणीनं तोंड-डोकं बांधलेली. ओढणी सोडली तेव्हा चेहरा ओळखीचा वाटला नाही. हाताच्या पाठीवर सलाइनची पांढरी पट्टी होती.

"दीदी, मी तुमच्या खुर्चीवर बसते," ती म्हणाली.

माझ्या जागी घेतलेली इंजिनीअर. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असेल. आधी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची, वडील रेल्वेतलेच. बाबांनी तिला कूलरसमोर बसवलं आणि पन्हं दिलं. ती अर्धा ग्लास प्यायली आणि सांगायला लागली.

"तुमची मेल आली का सर ती मले पाठवते. वर एकच ओळ. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा. ड्रायव्हर त्यांनी लिहिला, मी तर तो कधी उघडून पाहिला नव्हता. मंग एका कारखान्याच्या कंप्युटरवाल्यानं ती यादी वाचली. तो म्हणे, आठ दिवसात सगळे डबे बदला, नाही तर काढून न्या. सर म्हणे, तू जा. मी तीन ठिकानी गेली, उन्हात, शिडीवर चढून. तिसऱ्या ठिकानी पडली. लू लागली. दोन दिवस सलाइनवर होती."

मी तिच्या ग्लासात आणखी पन्हं ओतलं.

"चूक शोधली ते बरोबरच केलं तुम्ही," ती म्हणाली. "पण रोज एक काहून पाठवता? सगळ्या एकदम पाठवून द्या नं. सकाळचे दहा वाजले का मी हातातलं काम सोडून तुमच्या मेलचीच वाट पाहत बसते."

माझा प्रत्येक दगड नेमका बसतोय याचा मला अभिमान होता. सगळे तिला लागत होते. ते सरांनी तिच्याकडे वळवले होते, अगदी तसेच, जसं मला ट्रकवाल्यांपुढे उभं केलं होतं. माझा राग त्यामुळे कमी झाला असं मी म्हणणार नाही. तो दुप्पट झाला. पण पहिल्यांदा त्यात माझ्या स्वतःबद्दलचा वाटाही होता. दहा वाजताची वेळ मी निवडली होती, सरांनी नाही.

"माझी चूक झाली," मी तिला म्हटलं. उरलेले नऊ क्रॅश तिच्यापुढे ठेवले. तिनं एकेक पान उलटलं आणि शेवटच्यावर थांबली.

"हे केबलचं आहे नं?"

"तुला कसं माहीत?"

"तुमची मेल वाचली मी. ऑफिसच्या मशीनवर होती. कामाले लागली त्याच आठवड्यात वाचली. सरांना विचारलं तर म्हणे, ते सोड, ती बाई गेली."

बाबा पलंगावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

तिची आजारपणाची सुट्टी पाच दिवस उरली होती. त्या पाचही दुपारी ती आमच्याकडे आली आणि आम्ही दोघींनी मिळून ड्रायव्हर दुरुस्त केला. सोळा दुरुस्त्या साध्या होत्या. केबलच्या दुरुस्तीला दोन दिवस लागले. आत कोणी थांबलेलं असेल तोवर मेमरी परत करायची नाही, शेवटचा बाहेर पडला की मगच करायची. बाबा येता-जाता विचारायचे, "शेवटच्या डब्याचं झालं का?"

दुरुस्तीबरोबर एक टिपण जोडावं लागतं. काय चुकत होतं, कसं सापडलं, कोणाला सापडलं, आणि ही चूक कोणत्या बदलानं आत आली, त्याचा नेमका उल्लेख. मग तो भाग सांभाळणारा माणूस टिपणाखाली आपली सही करतो, तेव्हा ते कर्नलमध्ये जातं आणि कायमचं राहतं. हा ड्रायव्हर सांभाळणारे सरच. म्हणजे त्यांच्या चुकीची हकिकत, आणि खाली त्यांचीच सही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली. सतरा पत्रांनी जे झालं नसतं ते या एका टिपणानं होणार होतं.

मी मजकूर सांगत गेले, ती लिहीत गेली. मध्येच थांबून म्हणाली, "दीदी, 'अक्षम्य' काढा. इथं विशेषणं नाही चालत."

"बरं, 'गंभीर' ठेव."

"तेही नाही."

तिनं माझी सगळी विशेषणं काढून टाकली. राहिलं ते असं: वाचन थांबलेलं असताना केबल निघाली तर ड्रायव्हर परत केलेली मेमरी वापरतो आणि पूर्ण यंत्र थांबतं. धर्मकाट्यावर हे ट्रकनं जोरात ब्रेक मारल्यावर दिसतं. कंपनीत हे त्याच वेळी कळवलं गेलं होतं, पण दोष चुकून वरच्या प्रोग्रामला दिला गेला. ही चूक ड्रायव्हरच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे.

तिसऱ्या वाक्याशी मी अडखळले. "हे काढ," मी म्हटलं. "तुझी नोकरी आहे अजून."

तिनं ते वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. "नाही. राहू द्या. पाठवणारी मी आहे. माह्या नावाखाली काय राहील ते मी ठरवीन."

तिनं पाठवलं. सर दोन आठवडे गप्प बसले. मग त्या लांबच्या माणसानं विचारलं, दुरुस्ती स्वच्छ आहे, कशासाठी थांबलीय? सरांनी लिहिलं की कंपनीच्या अंतर्गत गोष्टी अशा टिपणात नकोत, तिसरं वाक्य काढावं. त्या माणसाचं उत्तर दोन ओळींचं होतं. उलट ते वाक्य राहू द्या, इतर कोणाच्या काट्यावर हेच झालं तर ते उगाच वरच्या प्रोग्रामच्या मागे लागणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सही आली. मी बाबांना हाक मारली. ते दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून आले. इंग्रजी मजकूर होता. मी तिसरं वाक्य मराठीत सांगितलं. मग खालचं सरांचं नाव त्यांनी बोटानं अक्षर न् अक्षर लावून वाचलं.

"आता हे खोडता येते का?"

"नाही."

"त्यालेही नाही?"

"कोणालाच नाही."

"हव," बाबा म्हणाले आणि दाढी पुरी करायला गेले.

सरांचा फोन त्याच दुपारी आला. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हे पाहा, तू परत ये. जागा मोठी देतो. आपसातली माणसं आहोत आपण."

"मी येणार नाही, सर. मला दोन गोष्टी पाहिजेत. ते निष्काळजीपणाचं पत्र मागे घेतलं असं लेखी द्या. आणि माझ्या जागी बसून काम करणाऱ्या त्या बाईला उन्हात पाठवणं बंद करा."

"पत्राचं बघू."

"अजून एक विचारते. त्या दिवशी फाटकावर, गाडीत जाऊन बसलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का दोष कोणाचा आहे ते?"

फोनवर त्यांच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. ते म्हणाले, "पत्र पाठवतो," आणि फोन ठेवला.

पत्र आलं. "काही गैरसमज झाला होता," असं होतं. मी ते कर्नलच्या दुरुस्त्या तपासतात तसं तपासून परत पाठवलं: गैरसमज कोणाचा? दुसरी आवृत्ती आली, "तपासात असे आढळून आले की." मी लिहिलं, कोणाला आढळलं? तिसरीत "ड्रायव्हरमधील तांत्रिक दोष" होता. कोणाच्या ड्रायव्हरमधील? चौथ्या आवृत्तीत त्यांनी लिहिलं की दोष त्यांनी स्वतः लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये होता, माझ्या कामात नव्हता, आणि माझ्यावर ठपका ठेवणं चुकीचं होतं. ते पत्र मी स्वीकारलं. प्रत्येक वेळी परत पाठवताना मला फार बरं वाटलं होतं. चौथं पत्रही परत पाठवायला काही कारण सापडतं का, ते मी एक संध्याकाळभर शोधलं.

बाबांनी त्या पत्राची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि रिक्षा करून पुरानी बस्तीत, त्या लग्नघरी जाऊन आले. तासाभरानं परतले. चपला काढता काढता म्हणाले, "वाचून दाखवलं. त्याइच्या जावयालेही बोलावून घेतलं."

ती इंजिनीअर चार महिन्यांनी दुसरीकडे लागली. तिला घेणाऱ्यांनी तिचं ते टिपण आधीच वाचलेलं होतं. आता मीही तेच काम करते, कर्नल पाडायचे आणि का पडले ते शोधायचं, आणि त्याचा पगार मिळतो. तिच्या हातावरच्या पट्टीची मला अजून शरम वाटते. सरांबद्दल तसं काही वाटत नाही.

ते अजून तिथेच आहेत. या वर्षी त्यांनी आणखी एक ड्रायव्हर कर्नलमध्ये पाठवला, धान्यातला ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा. तो आत गेला त्याच दिवशी मी त्यावर मारा सुरू केला. दोन क्रॅश सापडले. या वेळी नियमाप्रमाणे फक्त त्यांनाच कळवलं, नम्र भाषेत, आणि जगाला सांगण्याआधी दुरुस्तीला नव्वद दिवस दिले. दहा मिनिटांत उत्तर आलं. धन्यवाद मॅडम, असं. पहिल्यांदाच मॅडम. आज एकाहत्तरावा दिवस आहे, आणि दुरुस्ती अजून आलेली नाही.